धार्मिक संस्थांत मुलांचं लैंगिक शोषण का होतं, आणि वर्षानुवर्षं चालू कसं राहतं?

प्रश्न थोडक्यात असा. मराठवाड्यातल्या एका निवासी वारकरी संस्थेत साठ मुलं शिकतात आणि राहतात. बाहेर कुठली तरी बातमी आली आणि विश्वस्तांच्या बैठकीत कारणांवरून जुंपली. एक म्हणतो, ब्रह्मचर्य लादलं की असंच होणार. दुसरा म्हणतो, असं करणारा महाराज नसतोच, तो भोंदू. तिसऱ्याच्या मते सगळं मोबाइलमुळे. चौथा म्हणतो, हे ‘त्यांच्याकडे’ होतं, आपल्याकडे नाही. यातलं खरं काय, आणि संस्थेत काय बदलायचं?

चौघंही एकाच गोष्टीवर भांडताहेत: माणसाला असं करावंसं का वाटतं. विश्वस्तांच्या कामाचा प्रश्न बैठकीत कुणी विचारलेलाच दिसत नाही. ज्याला तसं वाटलं त्याला ते जमलं कसं, आणि पहिल्या लेकरानंतर दुसरं, तिसरं, दहावं त्याच्या हाती लागेपर्यंत कुणी अडवलं कसं नाही?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहॉर यांनी 1984 मध्ये मांडलेली चौकट या कामात आजही वापरली जाते. अत्याचार घडायला चार गोष्टी ओळीने जमाव्या लागतात. करणाऱ्याच्या मनात इच्छा हवी. स्वतःच्या मनाची टोचणी त्याने गप्प केलेली हवी. बाहेरची राखण ढिली हवी. आणि मुलाचा विरोध मोडलेला हवा. पहिल्या दोन त्याच्या डोक्यात असतात, शेवटच्या दोन संस्थेच्या आवारात. कुणी एखादं कारण पुढे केलं की ते या चारांत कुठे बसतं एवढं पाहायचं.

आता ब्रह्मचर्य. या मुद्द्याला सरसकट उडवून लावू नये. जर्मनीतल्या कॅथलिक चर्चच्या 1946 ते 2014 या काळातल्या फायली तपासून 2018 मध्ये अहवाल आला. त्यात 1,670 धर्मगुरूंवर आरोप आणि 3,677 अल्पवयीन पीडित सापडले. धर्मप्रांतातल्या पाद्रींपैकी 5.1 टक्क्यांवर आरोप होते. ज्यांना विवाहित असण्याची मुभा असते त्या डीकन मंडळींत (पाद्रीच्या खालचं पद) हे प्रमाण 1 टक्का. ब्रह्मचर्यवाले हा आकडा दाखवतात. पण डीकन मुलांमध्ये पाद्रीइतका एकटा वावरत नाही, त्याच्याकडे तेवढा अधिकारही नसतो, म्हणजे फरक नुसता लग्नाचा नाही. शिवाय अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट पंथात पाद्री सर्रास संसारी असतात, आणि तिथेही 2022 च्या चौकशी अहवालात आरोपींची यादी दडवून ठेवल्याचं उघड झालं. आपल्याकडे 2018 मध्ये जोधपूर न्यायालयाने जन्मठेप दिलेले आसाराम आणि 2017 मध्ये पंचकुल्याच्या न्यायालयाने दोषी ठरवलेले गुरमीत राम रहीम, दोघंही बायका-मुलांचे धनी. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने संस्थांतल्या बाल लैंगिक शोषणाची पाच वर्षं चौकशी करून 2017 मध्ये जे लिहिलं ते बहुधा सगळ्यात नेमकं आहे: सक्तीचं ब्रह्मचर्य हे थेट कारण नाही, पण इतर धोक्यांसोबत आलं की भर घालतं.

भर कशी घालतं हे समजून घ्यायला हवं. जिथे नियम जाहीरपणे कडक आणि खासगीत ढिला असतो, तिथे प्रत्येकाकडे दुसऱ्याचं काहीतरी असतं. ज्याचं गावातल्या बाईशी संमतीने सूत आहे, तो शेजारच्या खोलीत लेकराशी काय चाललंय ते पाहूनही तोंड उघडत नाही, कारण उघडलं तर त्याचंही निघेल. म्हणजे ब्रह्मचर्य इथे इच्छा पेटवण्यापेक्षा साक्षीदाराचं तोंड बांधण्याचं काम जास्त करतं.

‘भोंदू’ हे उत्तर सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निकामी. खरा असता तर केलं नसतं, केलं म्हणजे खरा नव्हता. या वाक्याला चुकायची सोयच नाही. आणि घटना घडायच्या आधी खरा कोण हे ओळखायला ते कवडीच्या उपयोगाचं नाही. त्यातून नुकसान असं होतं की लोक राक्षस शोधत बसतात. न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजने 2004 आणि 2011 मध्ये अमेरिकी कॅथलिक चर्चचा अभ्यास केला. 1950 ते 2002 या काळात 4,392 पाद्रींवर आरोप झाले होते, म्हणजे सेवेतल्या शंभरांमागे साधारण चौघांवर. त्यांच्यातले वैद्यकीय अर्थाने बालकामुक म्हणता येतील असे पाच टक्क्यांहूनही कमी होते. बाकीच्यांना इतर पाद्रींपासून वेगळं ओळखता येईल असं फारसं काही नव्हतं. ज्याचा अभंग ऐकून गाव रडतं, ज्याने संस्थेसाठी पत्र्याच्या शेडवरून तीन मजली इमारत उभी केली, तोही हे करू शकतो. त्याचं चांगलं काम खरंच असतं, आणि म्हणूनच त्याच्यावर कुणी लक्ष ठेवत नाही.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा विश्वस्तांनी भिंतीवर लावावा असा आहे. अवघ्या 149 पाद्रींवर प्रत्येकी दहा किंवा जास्त मुलांचे आरोप होते, आणि एकूण आरोपांतला साधारण चौथा हिस्सा एवढ्या मूठभरांचा होता. हे एवढं टिकलं कारण तक्रार आली की बिशप त्यांना दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये धाडत. 2002 मध्ये बोस्टनला हेच फुटलं. आपल्याकडे याला ‘महाराजांना दुसऱ्या मठावर पाठवलं’ म्हणतात. नारळ देऊन, शाल घालून निरोप. पुढच्या गावात कुणी विचारत नाही की आधीचं गाव का सोडलं.

मोबाइलवाल्या विश्वस्तांना एवढंच सांगता येईल की अमेरिकी चर्चमधल्या या आरोपांतले सर्वाधिक 1960 आणि 70 च्या दशकांतले आहेत. आज मोबाइल हे हत्यार नक्की आहे: फोटो काढून धमकावणं, रात्रीचे मेसेज. पण तो मूळ म्हणता येत नाही. ‘त्यांच्याकडे होतं’ यावर तर फार शब्द खर्चायला नकोत. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 5 मध्ये शैक्षणिक आणि धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातली किंवा कर्मचारी व्यक्ती अशी एकाच उपकलमात नोंद आहे. कुठल्याच धर्माचं नाव नाही. मठ, मदरसा, चर्चचं बोर्डिंग, क्रीडा प्रबोधिनी, आश्रमशाळा या सगळ्यांत कुलूप-किल्लीची रचना एकसारखीच असते.

मराठवाड्याचं स्वतःचं असं एक कारण आहे, आणि बैठकीत ते निघालं नाही याचं आश्चर्य वाटतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या गावांतून ऊसतोड टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. लेकरं आजीकडे राहतात, हंगामी वसतिगृहात राहतात, किंवा मठात, मदरशात, वारकरी संस्थेत ठेवली जातात. जेवण फुकट, राहणं फुकट, वर दोन अक्षरं आणि मृदंग शिकायला मिळतो. आई-बापाच्या बाजूने हा अगदी शहाणपणाचा निर्णय असतो.

आता तेच लेकराच्या बाजूने पाहा. पाच-सहा महिने त्याचं म्हणून एकही मोठं माणूस जवळ नाही. ‘घरी पाठवून देईन’ ही धमकी त्याला खरी वाटते, कारण घराला कुलूप आहे. बापाला बोलवायचं तर कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या फडावरच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, त्याला उठून यावं लागेल. खाडे पडतील, मुकादम हिशेब मागेल. म्हणजे लेकराच्या एका वाक्याची किंमत रुपयांत ठरलेली असते, आणि दहा वर्षांच्या पोराला ती कळते. अत्याचार करणाऱ्यालाही कळते. तो साठांतून कुणालाही उचलत नाही. ज्याचा फोन येत नाही, ज्याला भेटायला अमावस्येला कुणी येत नाही, त्याला निवडतो. आधी जास्तीचा लाडू, नवा टाळ, ‘हा माझा खास’ असं चारचौघांत कौतुक. मग एकट्याची सेवा.

‘सेवा’ या शब्दाशी थोडं थांबू या. धार्मिक संस्था आणि साधं वसतिगृह यांतला खरा फरक इथे आहे. वॉर्डनने पोराला पाय चेपायला लावले तर इतर पोरं हसतील. महाराजांनी लावले तर तो मान असतो. पायांपासून मांड्यांपर्यंत आणि तेल लावण्यापासून पुढच्या स्पर्शापर्यंत जाताना एकही पायरी लेकराला ‘ही वेगळी’ म्हणून ओळखता येत नाही. नाही म्हणावं तर गुरूची अवज्ञा, सांगावं तर गुरूची निंदा, आणि निंदा हे पाप. शेवटी पाप आपल्याच हातून झालं असं त्याला वाटतं. मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत याच जागी ‘बाधा’ येते. आसाराम यांच्या जोधपूरच्या खटल्यात आश्रमाच्या वसतिगृहातल्या मुलीला बाधा झाल्याचं घरच्यांना सांगितलं गेलं आणि विधीसाठी तिला नेलं गेलं. आई-वडील सोबत होते. त्यांच्या श्रद्धेनेच दार बंद केलं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे प्रकार स्पष्ट लिहिले आहेत: अवतार असल्याचं किंवा मागच्या जन्मीचं नातं सांगून लैंगिक संबंध ठेवणं, दैवी शक्तीने मूल होईल असं सांगून बाईशी संबंध ठेवणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

उरली गप्प बसण्याची बाजू. केंद्र सरकारच्या 2007 च्या बालशोषण अभ्यासात 13 राज्यांतली 12,447 मुलं होती. लैंगिक छळ सोसलेल्यांपैकी 72.1 टक्के मुलांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि छळ झालेल्यांत मुलग्यांचं प्रमाण 52.94 टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. ‘पोराला काय होतंय’ म्हणणाऱ्या विश्वस्ताला हा आकडा दाखवा. मुलीच्या घरी सोयरिकीची भीती असते. मुलग्याच्या घरी तर या गोष्टीला धड शब्दही नसतो. वर गडाची म्हणजे मठाची इज्जत, सप्ताहाची वर्गणी, पंगतीचे यजमान, निवडणुकीला दर्शनाला येणारे पुढारी. तक्रार करणारं एक कुटुंब आणि समोर पंचक्रोशी. राम रहीम प्रकरणात साध्वीचं निनावी पत्र 2002 मध्ये गेलं होतं, निकाल 2017 मध्ये लागला.

म्हणून माझं मत विचाराल तर वादात ब्रह्मचर्याला शंभरातले दहा गुण द्या, भोंदूपणाला शून्य, आणि बाकीचे तीन गोष्टींत वाटा: मुलाशी एकांत, लेकराला सुटायला दुसरी जागा नसणं, आणि किल्ली, पैसा, मान या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असणं. या तिन्ही विश्वस्तांना ठराव करून बदलता येतात.

सुरुवात झोपण्यापासून करा, कारण रात्री आणि आंघोळीच्या वेळी राखण सगळ्यात ढिली असते. दहा वर्षांपर्यंतची, अकरा ते चौदा आणि त्यावरची अशा तीन वेगळ्या रांगा, शक्यतो वेगळ्या खोल्या. प्रत्येकाची सतरंजी-पांघरूण स्वतंत्र, दोन अंथरुणांत हातभर तरी अंतर. धाकट्यांवर देखरेखीला सतरा-अठरा वर्षांचा ‘मोठा विद्यार्थी’ एकटा ठेवू नका. मोठ्या मुलांनी धाकट्यांना त्रास देणं हा प्रकार संस्थांत भरपूर आहे आणि सगळ्यांचं लक्ष महाराजांवर असल्याने तो सुटतो. संडास-न्हाणीला आतून कडी आणि तिथे जाणाऱ्या वाटेवर दिवा. हे खर्चाचं काम नाही.

अंगसेवा पूर्ण बंद करा. पाय चेपणं, तेल लावणं, खोलीत जेवणाचं ताट नेऊन थांबणं, सगळं. ‘रात्री नऊनंतर बंद’ अशी मधली वाट काढू नका. अपवाद ठेवला की सगळं त्या अपवादातूनच होतं. ज्येष्ठ महाराजांना खरंच मालिशची गरज असेल तर संस्थेने पगारी प्रौढ माणूस ठेवावा. अनुग्रह, कानमंत्र, समजावणं हे सभामंडपात, इतरांना ऐकू येणार नाही पण दिसेल अशा ठिकाणी. ज्या खोलीत मूल जाऊ शकतं तिच्या दाराला फूटभर काच.

दिंडी आणि सप्ताह वेगळे धरा. आवारात पाळलेले नियम पैठणच्या नाथषष्ठीला किंवा आषाढीच्या वाटेवर ट्रकमध्ये, तंबूत, कुणाच्या तरी ओसरीवर मोडतात. पाहुणे कीर्तनकार यजमानाच्या घरी उतरतात तेव्हा ‘सेवेला एक पोरगं द्या’ म्हणतात, द्यायचं नाही. मुलांसोबत कायम दोन प्रौढ, आणि त्यातला एक दुसऱ्याचा शिष्य किंवा भाचा नसावा.

सुटायची वाट म्हणजे मुख्यतः फोन. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं, ऐकायला कुणी उभं न राहता. ऊसतोडीला गेलेल्या पालकांचे नंबर बदलतात, म्हणून प्रवेश घेतानाच तीन नंबर घ्या: बापाचा, मुकादमाचा आणि गावात राहिलेल्या आजीचा किंवा मावशीचा. ज्या मुलाचा फोन पंधरा दिवसांत झाला नाही त्याची यादी विश्वस्ताने स्वतः पाहायची आणि त्या मुलाच्या गावच्या अंगणवाडीताई किंवा शिक्षकाला कळवायचं. 1098 हा बालसाहाय्य क्रमांक भिंतीवर रंगवा, पण ज्या फोनवरून तो लावायचा तो महाराजांच्या कपाटात असेल तर रंग वाया गेला.

नवा शिक्षक घेताना पोलिस पडताळणी करा, मात्र तेवढ्यावर थांबू नका. गुन्हा नोंदलेलाच नसेल तर पडताळणी कोरीच येते. आधीच्या दोन संस्थांना फोन करून एकच प्रश्न विचारा: त्यांना मुलांसोबत पुन्हा ठेवाल का? समोरचा अडखळला की समजून घ्या.

कागदांबाबत एक गैरसमज सर्रास आहे. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंद, किंवा मदरशाच्या बाबतीत वक्फ मंडळाकडची नोंद, म्हणजे मुलं ठेवायची परवानगी असं धरलं जातं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 41 खाली वेगळी नोंदणी लागते, अनुदान असो वा नसो. नसल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. ‘आम्ही बालगृह नाही, शिक्षण संस्था आहोत’ असं म्हणायचं असेल तर तसं जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

आणि उद्या खरंच एखादं लेकरू काही बोललं तर? तिथे सगळ्यात जास्त चुका होतात, त्याही सद्हेतूने. विश्वस्त समिती बसते, लेकराला पाच जणांपुढे तेच सांगायला लावते, महाराजांना बोलावून ‘समोरासमोर’ करते. लेकरू मागे फिरतं, आणि पुढे न्यायालयात ‘जबाब बदलला’ म्हणून तेच अंगावर येतं. ऐकणाऱ्याने फक्त ऐकायचं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणायचं, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. लेकराने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे. खरं-खोटं ठरवणं हे विश्वस्तांचं काम नाही. पोक्सोच्या कलम 19 नुसार माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला द्यावीच लागते. अध्यक्षांना सांगितलं, सरपंचांना सांगितलं, हे त्यात मोजलं जात नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखाने न कळवल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र त्याच कलमाने संरक्षण आहे, आणि तक्रार खोटी ठरली तरी मुलाला शिक्षा होत नाही. गावकीची तडजोड, ‘चार लाख घ्या आणि मिटवा’, याला कायद्यात जागा नाही.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात. 96 तासांपर्यंत नमुने घेता येतात, पण एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार 72 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, म्हणून आधी दवाखाना. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब करणं बंधनकारक आहे. आधी एफआयआर आणा म्हणणारा डॉक्टर चूक आहे. एफआयआर कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. जबाब मुलाला सोयीच्या जागी, साध्या वेशातल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, सोबत विश्वासाचं माणूस चालतं. पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. पालक फडावर असतील तर मुलाने तोवर कुठे राहायचं हे ती समिती ठरवते, संस्था नाही. तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारी सहायक व्यक्ती तिथूनच मागून घ्या. पीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

आरोपीला पोलिसांच्या आधी सावध करू नका. नंतर त्याला मुलांपासून दूर ठेवा, पण दुसऱ्या मठावर पाठवू नका आणि शिफारसपत्र देऊ नका. मुलाचं नाव, गाव, वडिलांचं नाव गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं तर तोही गुन्हा आहे. संस्थेची बदनामी थांबवायला निघालेले भक्त नेमके तिथेच अडकतात. पीडित अठरा वर्षांवरची सेवेकरी बाई असेल तर पोक्सो लागत नाही. मात्र भारतीय न्याय संहितेत विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानाचा गैरवापर स्वतंत्र कलमांत आहे, आणि न्यासात दहाहून कमी माणसं कामाला असली तरी ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते.

पुढच्या बैठकीत वाद पुन्हा ब्रह्मचर्यावर गेला तर जाऊ द्या. त्याआधी दोन कामं करून घ्या: महाराजांच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे इतिवृत्तात लिहा, आणि दिवाळीपासून आजवर ज्या मुलांचा घरी फोन झालेला नाही त्यांची नावं टेबलावर मागा.